टॅटू काढलात? मग पुढचे तीन आठवडे ती जखम आहे

"डॉक्टर, टॅटू काढलाय. आता त्यावर कोणती क्रीम लावू?"

हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. विचारणारा कधी कॉलेजातला मुलगा असतो, कधी मनगटावर लेकीचं नाव लिहून घेतलेली आई, तर कधी पन्नाशी उलटलेले, दंडावर महादेव काढून घेतलेले काका. प्रश्न रास्त आहे. पण क्रीम ही या विषयातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. नवा टॅटू नीट भरून येतो की चिघळतो, हे माझ्या मते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. जखम भरायला जेवढे दिवस लागतात तेवढे तुम्ही तिला देता का, ही पहिली. आणि काही बिघडलंच, तर ते न लपवता वेळेवर दाखवता का, ही दुसरी. या लेखात रोजच्या काळजीची माहिती तर देणारच आहे, पण माझा भर या दोन गोष्टींवर राहील.

टॅटू काढावा की काढू नये, हा या लेखाचा विषय नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण एकदा काढला, की पुढचे काही आठवडे ते चित्र नसून जखम असते, हे मात्र मनात पक्कं हवं.

आजीनं कुठे काय लावलं होतं?

काळजी घ्या म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे गोंदण जुनंच आहे. कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन ठिपके, हातावर तुळशीवृंदावन किंवा देवाचं नाव असलेल्या आज्या अनेकांनी पाहिल्या आहेत. गोंदणारी बाई दोन-चार सुया एकत्र बांधायची, काजळीच्या रंगात बुडवायची आणि टोचायची. वरून हळद-तेल लावलं की काम झालं. पुढे जत्रेत मशीनवाले बसू लागले. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट न्यूयॉर्कमधल्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ साली घेतलं होतं. एडिसनच्या विजेवर चालणाऱ्या पेनावरून त्यांना ती कल्पना सुचली होती. म्हणजे यंत्रही तसं जुनंच.

मग आजीला काही झालं नाही, तर आपल्याला का होईल? पहिलं उत्तर असं, की आजीचं गोंदण चार ठिपक्यांचं होतं. आज लोक मनगटापासून खांद्यापर्यंत अख्खा हात भरून घेतात आणि सुई चार-पाच तास चालू असते. जखमेचं क्षेत्रफळच कितीतरी पट मोठं. दुसरं उत्तर असं, की ज्यांचं गोंदण नीट भरलं त्याच आज्या आपल्याला ठाऊक आहेत. कुणाचा हात सुजला, कुणाला ताप आला, याची नोंद कुणी ठेवली नाही. आणि एकाच सुईनं गावभर गोंदल्यामुळे कावीळ कुणाकडून कुणाकडे गेली, हे तर कुणाला कळण्याचा मार्गच नव्हता. त्यामुळे आजीचा दाखला देऊन काळजी टाळू नये.

त्वचेत नेमकं काय होतं?

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. ती कागदासारखी पातळ असते आणि तिच्या पेशी सतत झडून नव्या येत असतात. तिथे रंग भरला तर महिन्या-दीड महिन्यात निघून जाईल. मेंदीचं तेच होतं. म्हणून टॅटूची सुई त्या थराला भोक पाडून खालच्या अंतस्त्वचेत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, रंग सोडते. एका टॅटूसाठी अशी हजारो भोकं पडतात.

शरीराच्या दृष्टीनं हा बाहेरून घुसलेला पदार्थ. त्याला पकडायला भक्षक पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळून टाकतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत. पेशी रंग पोटात घेऊन तिथेच बसून राहते. २०१८ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेला रंग शेजारची नवी पेशी गिळते. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो या देवाणघेवाणीमुळे.

आपल्याला यातून एवढं लक्षात घ्यायचं आहे, की सुई थांबल्यावर शरीराची दोन कामं एकदम चालू असतात. खाली रंग स्थिरावत असतो आणि वर हजारो भोकं बुजत असतात. ती बुजेपर्यंत त्वचा म्हणजे दार उघडं असलेलं घर. आपली सगळी निगा दार बंद होईपर्यंत आत कुणी शिरू नये, एवढ्यासाठीच असते.

पहिल्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत

कोणत्या दिवशी काय अपेक्षित आहे, हे ठाऊक असलं तर विनाकारण घाबरायला होत नाही आणि खरी घाबरण्याची वेळ ओळखताही येते.

पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, गरम, थोडी सुजलेली असते. उन्हानं भाजल्यासारखी आग होते. पाण्यासारखा चिकट स्राव येतो, त्यात थोडा रंग आणि किंचित रक्तही असू शकतं. चादरीला डाग पडले तर रंग वाहून गेला असं समजू नका. तो वर राहिलेला जास्तीचा रंग असतो.

चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत त्वचा ओढल्यासारखी वाटते, पातळ खपल्या धरतात, पापुद्रे सुटतात आणि भयंकर खाज सुटते. पापुद्र्यांबरोबर रंगाचे कण पडतात. मधूनच टॅटू फिकट, डागाळलेला दिसतो. ही अवस्था तात्पुरती असते.

दोन ते चार आठवड्यांत वरची त्वचा जुळून येते. ती काही दिवस चकचकीत किंवा धुरकट दिसते. आतली दुरुस्ती मात्र आणखी काही आठवडे चालू राहते. मोठ्या, गडद भरलेल्या टॅटूला पूर्ण स्थिरावायला दोन-तीन महिनेही लागू शकतात.

रोज काय करायचं?

यादी छोटी आहे. मुद्दामच.

१. स्टुडिओत लावलेलं आवरण, त्यांनी सांगितलं असेल तेवढे तास ठेवा. साधं आवरण असेल तर काही तासांनी काढतात. त्वचेला चिकटणारी, हवा जाऊ देणारी वैद्यकीय फिल्म असेल तर ती जास्त दिवस ठेवता येते. पण तिच्याखाली खूप पाणी साठलं, कडा सुटल्या किंवा जागा दुखू लागली, तर मुदतीची वाट न पाहता काढून टाका.

२. टॅटूला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा. सगळ्या यादीत हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि हीच सर्वात जास्त विसरली जाते.

३. दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण वापरून हलक्या हातानं धुवा. घासणी, ब्रश, खरखरीत पंचा नको. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल तर उकळून कोमट केलेलं पाणी वापरा.

४. स्वच्छ कापडानं किंवा कागदी रुमालानं टिपून कोरडं करा. पुसू नका. घरातल्या चारजणांचा टॉवेल तर मुळीच नको.

५. मग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावा. किती पातळ? लावल्यावर त्वचा जरा ओलसर दिसावी, पांढरा थर दिसू नये. जाड थराखाली त्वचा ओली राहून पांढरी पडते आणि जंतूंना आयती ओल मिळते. आपल्या दमट हवेत ही चूक फार होते.

६. सैल, सुती, स्वच्छ कपडे घाला. कपडा खपलीला चिकटला तर ओढू नका. पाण्यानं भिजवून सोडवा.

७. खाजवू नका, खपली ओढू नका. खाज असह्य झाली तर स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं आजूबाजूला धरा. झोपेत नखं लागतात, म्हणून ती कापून ठेवा.

८. पूर्ण भरेपर्यंत ऊन टाळा, अंगभर कपड्यानं झाका. सनस्क्रीन उघड्या जखमेवर लावू नये. त्वचा जुळल्यावर मात्र एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन नियमित लावा, कारण उन्हानं रंग फिका पडतो.

आणि पथ्य? "आंबट बंद, भात बंद, वांगं बंद, नाहीतर पू होईल" हे सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. भात खाल्ल्यानं पू होत नाही. पू जंतूंनी होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून डाळी, उसळी, दूध, अंडी जे चालत असेल ते व्यवस्थित खा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हेच खरं पथ्य. दारू आणि सिगारेट थांबवता आली तर उत्तम. सिगारेटनं जखम भरायला वेळ लागतो.

काय लावायचं नाही?

हळद. वाचून काहींना राग येईल. हळदीच्या गुणांवर संशोधन झालं आहे, हे खरं. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तीत ओले चमचे गेलेले असतात, कधी भेसळही असते. हजारो भोकं असलेल्या त्वचेवर ती पूड चोळणं म्हणजे धूळ चोळण्यासारखंच. काहींना हळदीची ॲलर्जीही येते.

खोबरेल तेलाला माझा त्वचा भरून आल्यावर काही आक्षेप नाही. पहिल्या आठवड्यात उघड्या बाटलीतलं तेल चोपडणं मात्र टाळा. टूथपेस्ट, चुना, डेटॉलसारखी जंतुनाशकं, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी नव्या पेशी भाजतात, जखम उलट रेंगाळते.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती औषधांच्या दुकानातून न विचारता आणलेली ट्यूब. लालसरपणा आणि खाज म्हटलं, की अनेकदा हातात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक यांचं मिश्रण असलेली ट्यूब पडते. स्टिरॉइडनं लाली आणि खाज झटकन कमी होते, म्हणून ती गुणकारी वाटते. प्रत्यक्षात ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबत असतं. आत संसर्ग असेल तर तो झाकला जातो आणि पसरत राहतो, शिवाय जखम भरायला उशीर होतो. स्टिरॉइड असलेली मलमं २०१८ पासून आपल्या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा नियम आहे. तो दुकानदारांइतकाच तुमच्यासाठीही आहे असं समजा. निओमायसिन असलेली पावडर किंवा मलम कुठल्याही जखमेवर टाकायची सवयही सोडा. त्यानं ॲलर्जी होऊन नव्या टॅटूवर पुरळ उठू शकतं.

मुहूर्त बघून काढा

आता माझा पहिला मुख्य मुद्दा. लोक डिझाइन निवडायला महिने घेतात, पण तारीख निवडताना पुढच्या तीन आठवड्यांत आपल्या आयुष्यात काय काय आहे, हे पाहत नाहीत. उलट नेमकी चुकीची तारीख निवडतात.

गणपतीच्या आधी आठ दिवस दंडावर बाप्पा काढला जातो. मग ढोल-ताशा पथकात ढोलाचा पट्टा त्याच खांद्यावर घासतो, तासन्‌तास घाम वाहतो, गुलाल उडतो, गर्दीत शंभर जणांचं अंग लागतं आणि शेवटी विसर्जनाला पाण्यात उतरणं होतं. उघड्या जखमेला यापेक्षा वाईट दिवस शोधून सापडणार नाही. होळीच्या आठवड्यात काढला तर रंगपंचमीचे रंग. मे महिन्यात काढला तर डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्या लोकलमधला घाम आणि घर्षण. जुलैत काढला तर लोणावळ्याचा धबधबा. आणि गोव्याच्या सहलीची आठवण म्हणून सहलीच्या पहिल्याच दिवशी काढला, तर पुढचे तीन दिवस समुद्र.

समुद्राच्या पाण्यानं जखम बरी होते, असा एक समज आहे. २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ३१ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत छापून आली होती. पायावर टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. उबदार खाऱ्या पाण्यात राहणारे व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचे जंतू त्या जखमेतून रक्तात गेले. त्याला दारूमुळे यकृताचा जुना आजार होता, त्यामुळे शरीराला त्यांचा प्रतिकार करता आला नाही. साधारण दोन महिने उपचार करूनही तो वाचला नाही. पोहणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही. निरोगी माणसात हा संसर्ग सहसा इतका विकोपाला जात नाही. पण आपल्या यकृताची तब्येत किती जणांना ठाऊक असते? समुद्र, नदी, धबधबा, स्विमिंग पूल, टबबाथ, कुंडात स्नान हे सगळं किमान तीन आठवडे बंद. अंघोळीला हरकत नाही. पाणी वाहून जाणं वेगळं आणि जखम पाण्यात भिजत राहणं वेगळं.

म्हणून तारीख ठरवताना कॅलेंडर समोर घ्या. पुढच्या तीन आठवड्यांत सण, मिरवणूक, सहल, ट्रेक, लग्न, पोहण्याचा क्लास, मैदानी भरतीची तयारी काही नाही ना? जिम चार-पाच दिवस बंद आणि नंतरही त्या भागाला ताण, घाम, घर्षण कमी ठेवता येईल ना? रोज दुचाकीवर उन्हात हात उघडा राहणार असेल तर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालता येईल ना? मोकळे दिवस मिळत नसतील तर टॅटू पुढे ढकला. चित्र आयुष्यभर राहणार आहे, मग महिनाभर थांबायला काय हरकत आहे?

रक्तदान करणाऱ्यांसाठी एक सूचना. टॅटू काढल्यानंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही. शिवजयंतीसाठी महाराजांचं चित्र गोंदवून त्याच दिवशी मंडळाच्या शिबिरात रक्त द्यायला गेलात, तर परत यावं लागेल. तिथे टॅटूची गोष्ट लपवू मात्र नका. ते रक्त कुणाला तरी चढवलं जाणार असतं.

साधी खाज की संसर्ग?

नियम सोपा आहे. बरी होणारी जखम रोज थोडी कमी दुखते. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं, सूज, गरमपणा वाढत चालला असेल, तर ते बरं होणं नव्हे.

ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा: पिवळा-हिरवा पू किंवा दुर्गंधी, टॅटूच्या कडेबाहेर पसरणारी लाली, जागेपासून वर चढत जाणारी लाल रेघ, काखेत किंवा जांघेत गाठ. ताप आणि थंडी वाजणं, दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, काळे-निळे फोड, गळून गेल्यासारखं वाटणं किंवा धाप लागणं, असं काही असेल तर थेट रुग्णालय गाठा.

आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. तिथे जागा जांभळट किंवा आणखी काळी दिसते. म्हणून नजरेपेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवा. धुतलेल्या हाताच्या पाठीनं टॅटूच्या बाजूची त्वचा आणि दुसऱ्या हाताची तीच जागा तपासा. एक बाजू स्पष्ट गरम आणि कडक लागते का? रोज एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर फरक लगेच कळतो आणि डॉक्टरांनाही उपयोग होतो.

काही त्रास उशिरा येतात. लाल रंगाच्या भागातच उठाव, खाज, खवले असतील तर ती बहुधा रंगाची ॲलर्जी. ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. आणि तुम्ही सगळी काळजी घेतली तरी दोष बाटलीतच असू शकतो. २०११-१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये १९ जणांना नव्या टॅटूवर बरी न होणारी पुरळ उठली. शोध घेतल्यावर क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एक जंतू सापडला. राखाडी छटा येण्यासाठी आधीच पातळ करून विकलेल्या शाईतून तो आला होता. अशी पुरळ नेहमीच्या अँटिबायोटिकनं जात नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनंतरही पुटकुळ्या, गाठी राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

घरी सांगितलेलं नाही

हा दुसरा मुख्य मुद्दा, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

चिघळलेला टॅटू घेऊन येणाऱ्या तरुण मुलामुलींना मी विचारतो, "दोन दिवसांपूर्वी का नाही आलात?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. घरी माहीत नाही. मग टॅटू झाकायला भर उन्हाळ्यात जाड, घट्ट बाह्यांचा टी-शर्ट घातलेला असतो. बाथरूममध्ये जास्त वेळ लागला तर संशय येईल, म्हणून धुणं टाळलेलं असतं. कपडे घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून डाग पडलेला तोच टी-शर्ट पुन्हा घातलेला असतो. ताप आल्यावर आईला "व्हायरल असेल" असं सांगून पॅरासिटामॉल घेतलेली असते. जखम भरायला लागणारी प्रत्येक गोष्ट लपवण्याच्या आड येते. स्वच्छता, मोकळी हवा, वेळेवर उपचार, काहीच होत नाही.

म्हणून मुलांना माझं सांगणं: घरी सांगण्याची तयारी नसेल तर अजून टॅटू काढण्याची वेळ आलेली नाही. अठरा पूर्ण नसतील तर प्रश्नच नाही. काढलाच असेल आणि तो बिघडतोय असं वाटत असेल, तर बोलणी खायला लागतील म्हणून एक दिवसही घालवू नका. आई-बाबांना सांगवत नसेल तर मावशीला सांगा, मोठ्या दादाला सांगा, थेट डॉक्टरकडे या.

आणि पालकांना: रागवायचं असेल तर जरूर रागवा, पण जखम भरल्यावर. पहिल्या दिवशी तुम्ही आरडाओरडा केलात, की पुढच्या वेळी तो किंवा ती काहीही झालं तरी तुमच्याकडे येणार नाही. "दाखव बघू, दुखतंय का?" एवढंच आधी विचारा. सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला तेव्हा हेच विचारलं होतंत.

आम्हा डॉक्टरांनाही हे लागू आहे. "हे कशाला करून घेतलंस?" हा प्रश्न तपासणीचा भाग नाही. टॅटू बघून भुवया उंचावणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण दुसऱ्यांदा जात नाही. तो दुकानातून ट्यूब आणतो.

टॅटू काढणाऱ्याची जबाबदारी

निगेचं सगळं ओझं गिऱ्हाइकावर टाकणंही मला मान्य नाही. नीट काम करणारे टॅटू आर्टिस्ट भरपूर आहेत. ते तुमच्यासमोर नवी, सीलबंद सुई फोडतात, नवे हातमोजे घालतात, रंग छोट्या वापरून टाकायच्या कपात ओततात आणि उरलेला फेकतात. हे चारही डोळ्यांनी बघा. दिसलं नाही तर खुर्चीवरून उठा, पैसे गेले तरी चालतील. रस्त्याकडेला किंवा जत्रेत एकाच वाटीतला रंग आणि तीच सुई सगळ्यांना वापरली जात असेल, तर घरी कितीही काळजी घेतली तरी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका टळत नाही.

असं घडून गेलं असेल तर संकोच न करता लगेच डॉक्टरांना भेटा. एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करायची असतील तर ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पुढे रक्ततपासण्याही कराव्या लागतात. हिपॅटायटिस बीची लस आहे. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. टॅटूचा विचार असेल तर आधी ती आणि धनुर्वाताची लस झाली आहे का, हे बघा.

प्रत्येक स्टुडिओनं निगेच्या सूचना मराठीत छापून द्याव्यात, असं मला वाटतं. चार तास वेदना सहन केलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं काही लक्षात राहत नाही. कागदावर धुण्याची पद्धत, टाळायच्या गोष्टी, धोक्याची लक्षणं आणि "ही दिसली तर आम्हाला नाही, डॉक्टरांना दाखवा" हे एक वाक्य असावं. बिघडलेल्या टॅटूचा फोटो पाठवल्यावर "असं होतं, क्रीम लावत राहा" असं उत्तर आल्यामुळे वाया गेलेले दिवस फार महाग पडतात.

यांनी आधी विचारावं

मधुमेह, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, हृदयाच्या झडपांचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी टॅटू काढण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. जुन्या जखमांचे जाड, वाढत जाणारे वण उठत असतील तर टॅटूवरही ते उठू शकतात. छाती आणि खांदा या जागा त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत. सोरायसिस, कोड किंवा लायकेन प्लेनस असलेल्यांना सुई टोचलेल्या रेषेवरच तो आजार उमटण्याची शक्यता असते. गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजत असताना थांबलेलं बरं. तीळ किंवा मस यावर कधीच गोंदवू नका, कारण पुढे त्यात बदल झाला तर तो रंगाखाली दिसणार नाही.

हे सगळं वाचून "एवढं कटकटीचं असतं का?" असं वाटलं असेल. तसं नाही. बहुतेक टॅटू काही त्रास न होता भरून येतात, आणि ते टॅटू भरून आणतं ते शरीरच, आपण नव्हे. आपण फक्त हात धुवायचे, जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, नखं आवरायची आणि तीन आठवडे पाणी, ऊन, घाम, गर्दी यांपासून सांभाळायचं. एवढं करूनही चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं वाढलं, तर लांब बाह्यांचा शर्ट चढवून बसू नका. बाही वर करा आणि दाखवा.